अमली पदार्थांच्या टोळ्या : हिंसाचार व त्याचे नियंत्रण

अफू, गांजा, कोकेन, हेरॉइन, तसेच फेंटानिलसारखी कृत्रिम रसायने यांचा बेकायदा व्यापार करणाऱ्या संघटित टोळ्यांकडून होणारे खून, अपहरणे व खंडणीवसुली आणि हा हिंसाचार आटोक्यात आणण्याचे मार्ग यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. अशा टोळ्यांना ‘कार्टेल’ म्हणण्याचा प्रघात आहे. अर्थशास्त्रात ही संज्ञा आपापसांतील स्पर्धा टाळून किमती ठरविणाऱ्या उत्पादकांच्या संघाला लावतात. १९८० च्या दशकात कोलंबियातील मेदेयीन शहराच्या टोळीच्या संदर्भात ती जगभर रूढ झाली. वास्तविक ह्या टोळ्यांमध्ये सलोखा क्वचितच आढळतो व जो आढळतो तो टिकत नाही. त्यांच्यातील स्पर्धा हाच हिंसाचाराचा एक प्रमुख उगम होय. ह्या प्रश्नाची सर्वांत तीव्र रूपे कोलंबिया व मेक्सिको ह्या देशांत दिसून आली असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्या अनुभवावर आधारलेले आहे.

हिंसाचाराची कारणे : अमली पदार्थांचा व्यापार आणि हिंसाचार यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. कायदेशीर व्यापारात करार मोडला, तर व्यापारी न्यायालयात जातो. बेकायदा व्यापारात ती सोय नसते. थकलेली रक्कम वसूल करणे, फितुरास शासन करणे व आपली बाजारपेठ राखणे ही सर्व कामे शस्त्रबळावरच करावी लागतात. तथापि उघड हिंसाचार टोळ्यांनाही महाग पडतो. कारण त्यामुळे पोलिसांचे लक्ष वेधले जाते व धंद्यात खंड पडतो. म्हणूनच जेथे एकाच टोळीचे वर्चस्व प्रस्थापित झालेले असते किंवा भ्रष्ट अधिकाऱ्यांचे संरक्षण सर्वांना ठराविक दराने मिळत असते, तेथे व्यापार मोठा असूनही खून थोडे असू शकतात. हे वर्चस्व किंवा संरक्षण अकस्मात मोडले, की हिंसाचार उसळतो. परिणामी व्यापार बंद करणे आणि हिंसाचार थांबविणे ही दोन उद्दिष्टे भिन्न ठरतात. एकासाठी योजलेला उपाय दुसऱ्यास मारक ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

पूर्वपीठिका : मेक्सिकोच्या वायव्येकडील सीनालोआ, दुरांगो व चिवावा ह्या राज्यांच्या डोंगराळ भागात अफू व गांजाची लागवड दीर्घकाळ चालत आली आहे. १९२९ पासून २००० पर्यंत देशात एकाच पक्षाची सत्ता होती. त्या काळात स्थानिक अधिकारी, पोलीस व तस्कर यांच्यात एक प्रकारची अलिखित व्यवस्था निर्माण झाली होती. १९७७ साली सैन्याने ‘काँडोर’ ही पीक-निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, तेव्हा अनेक तस्कर डोंगर सोडून ग्वादालाहारा शहरी गेले व तेथे त्यांची मोठी संघटना उभी राहिली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा (अ. सं. सं.) अमली पदार्थविरोधी अधिकारी एन्रिके कामारेना याचा तेथे छळ करून खून करण्यात आला. त्यानंतर वाढलेल्या दडपणामुळे टोळीचा प्रमुख मीगेल आंहेल फेलीक्स गायार्दो यास १९८९ साली अटक झाली. मात्र त्याची संघटना नष्ट न होता तीहुआना, ह्वारेस व सीनालोआ येथील प्रतिस्पर्धी गटांत विभागली गेली. एका मोठ्या टोळीच्या जागी अनेक भांडखोर टोळ्या, हा क्रम पुढे वारंवार घडला.

लष्करी कारवाई व म्होरक्यांची धरपकड : डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलीपे काल्देरोन यांनी मीचोआकान राज्यात सैन्य धाडले व पुढे ही कारवाई इतर राज्यांतही नेली. टोळ्यांचे प्रमुख पकडले किंवा मारले गेले, तर संघटना कोलमडेल, असा त्यामागील विचार होता. २००८ पासून अ. सं. सं.ने ‘मेरिदा’ योजनेखाली सामग्री व प्रशिक्षण पुरविले. अनेक म्होरके हाती लागले, तथापि देशातील खुनांची वार्षिक संख्या २००७ मधील ८,८६७ वरून २०११ मध्ये २७,२१३ वर गेली. मध्यंतरी ती काहीशी उतरली, पण २०१८ साली ३६,००० च्या पुढे पोहोचली. बेपत्ता म्हणून नोंदलेल्या व्यक्तींची संख्या २०२२ मध्ये एक लाखावर गेली. ह्यांतील अनेकांचा शोध त्यांच्या माता स्वतः गट करून, हाती कुदळ-फावडे घेऊन माळरानावर घेत असतात.

म्होरक्या गेल्यावर वारसाहक्काचा कलह सुरू होतो, दुय्यम हस्तक स्वतंत्र टोळ्या काढतात व दूरच्या बाजारपेठेशी संबंध नसलेल्या ह्या लहान टोळ्या जवळच्याच दुकानदारांकडून व शेतकऱ्यांकडून खंडणी उकळतात. सीनालोआ टोळीचा एक प्रमुख होआकीन गुस्मान हा दोनदा तुरुंगातून निसटला. २०१७ मध्ये त्याला अ. सं. सं.च्या स्वाधीन करण्यात आले व २०१९ साली जन्मठेप झाली. त्याचा जुना सहकारी इस्माएल साम्बादा जुलै २०२४ मध्ये त्याच देशात पकडला गेला. दोनच महिन्यांत टोळीचे दोन गट परस्परांवर तुटून पडले आणि सीनालोआची राजधानी कुलियाकान येथील शाळा व बाजारपेठा दीर्घकाळ विस्कळित झाल्या. अटक करणेच चूक होते, असा ह्याचा अर्थ नव्हे. अटकेनंतर निर्माण होणारी पोकळी भरून काढण्याची शासनाची तयारी नसेल, तर ती पोकळी टोळ्याच भरतात, एवढेच यावरून दिसते.

शासनयंत्रणेतील फितुरी हा ह्या धोरणाचा दुसरा दुबळा दुवा होय. काल्देरोन यांच्या मंत्रिमंडळात सुरक्षाखाते सांभाळणारे हेनारो गार्सीआ लुना यांना सीनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल २०२३ साली न्यूयॉर्क येथील न्यायालयाने दोषी ठरविले व २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये इग्वाला येथे आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातील ४३ विद्यार्थी नाहीसे झाले. त्यांना पकडण्यात स्थानिक पोलिसांचा हात होता. जेथे पोलीस आणि टोळी यांतील सीमारेषाच पुसट झालेली असते, तेथे अधिक शस्त्रबळ म्हणजे अधिक सुरक्षितता असे समीकरण मांडता येत नाही.

वाटाघाटी व शरणागती : कोलंबियात मेदेयीन टोळीने थेट राज्यसंस्थेशीच युद्ध पुकारले. १९८४ मध्ये न्यायमंत्री रोद्रीगो लारा बोनीया व १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान यांचे खून झाले. तस्करांना अ. सं. सं.च्या स्वाधीन करण्याचा करार हे संघर्षाचे मुख्य कारण होते. राष्ट्राध्यक्ष सेसार गाविरिया यांच्या शासनाने १९९० साली शरण येणाऱ्यांना सौम्य शिक्षेची हमी दिली आणि १९९१ च्या संविधानाने नागरिकांचे हस्तांतरण निषिद्ध ठरविले (हा निषेध १९९७ मध्ये उठविण्यात आला). टोळीप्रमुख पाब्लो एस्कोबार (१९४९–९३) जून १९९१ मध्ये शरण आला. पण त्याच्या सोयीने बांधलेल्या तुरुंगातून तो आपला कारभार चालवीत राहिला व जुलै १९९२ मध्ये पळाला. डिसेंबर १९९३ मध्ये तो मारला गेला. पुढे २००३–०६ च्या सुमारास निमलष्करी दलांनी सवलतींच्या मोबदल्यात शस्त्रे खाली ठेवली. तथापि त्यांच्यातूनच नव्या टोळ्या निघाल्या. वाटाघाटींनी काही काळ प्राण वाचतात, हे खरे. परंतु दिलेल्या सवलतींवर शासनाचा पक्का ताबा नसेल आणि मोकळ्या झालेल्या प्रदेशात ते स्वतः पोहोचत नसेल, तर करार म्हणजे केवळ विश्रांतीचा काळ ठरतो, असा हा अनुभव आहे.

पीक-निर्मूलन : पिके नष्ट केल्यास व्यापाराचे मूळच खुंटेल, ही कल्पना जुनी आहे. १९९० च्या दशकात पेरू व बोलिव्हियातील कोकाची लागवड घटली, त्याच सुमारास ती कोलंबियात वाढली. फुगा एका बाजूस दाबला असता दुसऱ्या बाजूस फुगतो, तसा हा प्रकार असल्याने त्यास ‘फुग्याचा परिणाम’ असे म्हणतात. २००० पासून ‘प्लॅन कोलंबिया’ ह्या योजनेखाली विमानांतून तृणनाशकाची व्यापक फवारणी करण्यात आली. आरोग्याच्या कारणास्तव ती २०१५ साली थांबविण्यात आली. फार्क ह्या बंडखोर संघटनेशी २०१६ साली झालेल्या शांतता करारात पर्यायी पिकांसाठी साहाय्याची तरतूद होती. पण ते अपुरे व उशिरा पोहोचले. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये त्या देशातील कोकाचे क्षेत्र २,५३,००० हेक्टर इतके, म्हणजे तोवरचे सर्वाधिक होते. रस्ता, बाजारपेठ व जमिनीचा हक्क यांवाचून शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळत नाही. कोकाची पाने घ्यायला व्यापारी दारी येतो. केळी किंवा कोको मात्र स्वतःच बाजारात न्यावा लागतो.

मागणी व नफा यांत घट : बंदीमुळे मालाची किंमत कित्येक पटींनी वाढते व तोच टोळ्यांचा नफा होय, असा युक्तिवाद कायदेशीर नियमनाचे पुरस्कर्ते करतात. २०११ साली गाविरिया, मेक्सिकोचे एर्नेस्टो सेदीयो व ब्राझीलचे फेर्नांदो एन्रिके कार्दोसो ह्या तीन माजी राष्ट्राध्यक्षांचा समावेश असलेल्या जागतिक आयोगाने ह्याच दिशेने शिफारस केली. यूरग्वायने २०१३ मध्ये गांजा कायदेशीर केला. अ. सं. सं.मधील कोलोरॅडो व वॉशिंग्टन ह्या राज्यांनी २०१२ साली तसा कौल दिला व २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २४ झाली. मेक्सिकोतून होणारी गांजाची तस्करी त्यानंतर पुष्कळच घटली. परंतु टोळ्या संपल्या नाहीत. त्यांनी मेथँफेटामीन व फेंटानिल यांकडे मोर्चा वळविला. फेंटानिलला शेत लागत नाही, लहानशी प्रयोगशाळा पुरते. शिवाय इंधनचोरी, खाणी, जंगलतोड, स्थलांतरितांची वाहतूक व मीचोआकानमधील अ‍ॅव्होकॅडोच्या बागांकडून खंडणी असे अन्य धंदेही त्यांच्या हाती आले. अ. सं. सं.मध्ये दारूबंदी (१९२०–३३) उठल्यानंतरही तेथील गुन्हेगारी संघटना जुगार व खंडणी यांच्या आधारे टिकून राहिल्या होत्या. तेव्हा नियमनाने टोळ्यांचा एक मोठा झरा आटतो, पण केवळ तेवढ्याने बंदुका खाली पडत नाहीत.

व्यसनाधीनांवरील उपचार हा मागणी घटविण्याचा दुसरा मार्ग आहे. स्वित्झर्लंडने १९९४ पासून दीर्घकालीन व्यसनींना वैद्यकीय देखरेखीखाली हेरॉइन देण्यास प्रारंभ केला. पोर्तुगालने २००१ मध्ये वैयक्तिक वापरासाठीचा अल्प साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला व व्यसनींना उपचारांकडे वळविले. ह्या उपायांनी मृत्यू व रोगप्रसार कमी झाले. पण दूरच्या उत्पादक देशातील हिंसाचारावर त्यांचा परिणाम अप्रत्यक्ष व संथ असतो.

शस्त्रे, रसायने व पैसा : मेक्सिकोत बंदुकांची कायदेशीर विक्री सैन्याच्या ताब्यातील मोजक्या दुकानांतूनच होते. तरीही २००९ ते २०१४ या काळात तेथे जप्त होऊन माग काढण्यासाठी पाठविलेल्या बंदुकांपैकी सु. ७० टक्के अ. सं. सं.मधून आल्याचे आढळले. मेक्सिको शासनाने तेथील बंदूक-उत्पादकांविरुद्ध २०२१ मध्ये दावा लावला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे मादक द्रव्ये उत्तरेकडे व शस्त्रे दक्षिणेकडे, असा हा दुहेरी ओघ आहे. फेंटानिलसाठी लागणारी पूर्वगामी रसायने मुख्यतः चीनमधून व काही अंशी भारतातून येतात. भारतात १९८५ च्या मादक द्रव्यविषयक कायद्यात १९८९ साली केलेल्या दुरुस्तीने अशा रसायनांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्र शासनाला मिळाला. औषध व रसायन उद्योगांचे मोठे केंद्र असलेल्या महाराष्ट्राचाही ह्या नियंत्रणाशी निकटचा संबंध येतो.

पैसा हा टोळीचा खरा आधार असतो. २०१२ साली एच. एस. बी. सी. या बँकेने सीनालोआ टोळीसह इतरांचा पैसा आपल्या खात्यांतून जाऊ दिल्याप्रकरणी अ. सं. सं.मध्ये १.९ अब्ज डॉलर भरले. मात्र कोणाही अधिकाऱ्यास तुरुंगात जावे लागले नाही. पैशाच्या मागावर जाण्यास शस्त्रे लागत नाहीत. प्रशिक्षित हिशेबनीस, निर्भय अभियोक्ते व राजकीय इच्छा लागते.

न्याययंत्रणा (इटलीचा अनुभव) : सिसिलीतील माफियाविरुद्ध इटलीने योजलेले उपाय ह्या संदर्भात अभ्यसनीय आहेत. १९८२ साली खासदार पीओ ला तोर्रे व पालेर्मोचे प्रीफेक्ट कार्लो आल्बेर्तो दाल्ला क्येझा यांच्या खुनांनंतर एक कायदा संमत झाला. त्यानुसार माफिया संघटनेचे सदस्यत्व हाच स्वतंत्र गुन्हा ठरला व गुन्हेगारी मालमत्ता जप्त करण्याची तरतूद झाली. पालेर्मो येथे १९८६–८७ मध्ये सु. ४७५ आरोपींवर एकत्रित खटला चालून त्यांपैकी तीनशेहून अधिक दोषी ठरले. १९९२ साली त्या शिक्षा अखेरच्या न्यायालयात कायम झाल्या. त्याच वर्षी ह्या खटल्यामागील न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने व पाओलो बोर्सेल्लीनो यांना बाँबस्फोटांत प्राण गमवावे लागले. पण शासन मागे हटले नाही. साक्षीदारांचे संरक्षण, कडक कारावास व १९९६ च्या कायद्यानुसार जप्त जमिनी व घरे सार्वजनिक कामासाठी देणे हे उपाय पुढे नेण्यात आले. १९९१ मध्ये १,९०० हून अधिक असलेली इटलीतील खुनांची वार्षिक संख्या अलीकडच्या काळात सु. ३०० ते ३५० वर आली आहे. कालाब्रियातील टोळ्या अद्यापि कोकेनच्या व्यापारात आहेत. परंतु खून केल्यास संपूर्ण संघटनाच उघडी पडते, हे त्यांना कळून चुकले आहे. व्यापार न संपताही हिंसाचार घटू शकतो, हे ह्यावरून सिद्ध होते.

मेक्सिकोत २००८ च्या संविधानदुरुस्तीने तोंडी व खुल्या सुनावणीची पद्धत स्वीकारली गेली व ती २०१६ पर्यंत सर्वत्र लागू झाली. २०१९ साली मालमत्ता जप्तीचा राष्ट्रीय कायदा झाला. तरी बहुसंख्य खुनांचा तपास शिक्षेपर्यंत पोहोचत नाही. जून २०२५ मध्ये न्यायाधीशांची निवड प्रथमच लोकमताने झाली. ह्यामुळे न्यायालये लोकाभिमुख होतील, असे समर्थक म्हणतात. तर निवडणुकीत टोळ्यांचा शिरकाव होईल, अशी टीकाकारांची भीती आहे.

स्थानिक उपाय : मेदेयीनमध्ये १९९१ साली दर लाख लोकसंख्येमागे सु. ३८० खून झाले होते. पुढील काळात डोंगरउतारावरील गरीब वस्त्यांना शहराशी जोडणारा रज्जुमार्ग (२००४), ग्रंथालये, शाळा व पोलीस ठाणी उभारण्यात आली व खुनांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरले. ह्या यशाचा एक भाग मात्र एकाच टोळीप्रमुखाच्या वर्चस्वाचा होता. २००८ मध्ये त्याला अ. सं. सं.च्या स्वाधीन करताच पुढील वर्षी शहरातील खून दुपटीहून अधिक झाले व नंतर पुन्हा घटले. मेक्सिकोतील सीउदाद ह्वारेस ह्या सीमेवरील शहरात २०१० साली ३,००० हून अधिक लोक मारले गेले. त्या वर्षीच्या प्रारंभी एका घरगुती समारंभातील युवकांचे हत्याकांड झाल्यावर केंद्र शासनाने शाळा, दवाखाने व क्रीडांगणे यांसाठी विशेष योजना आखली व नागरिकांच्या समित्यांना पोलिसांवर देखरेखीचे काम दिले. २०१२ पर्यंत खून बऱ्याच अंशी घटले. त्यात ह्या योजनेचा किती व सीनालोआ टोळीच्या विजयाचा किती वाटा, याविषयी मतभेद आहेत. निधी आटल्यावर काही वर्षांनी हिंसाचार पुन्हा वाढला.

मीचोआकानमधील चेरान ह्या पुरेपेचा जमातीच्या गावाने वेगळा मार्ग धरला. १५ एप्रिल २०११ रोजी तेथील स्त्रियांनी टोळीच्या आश्रयाने जंगल तोडणाऱ्यांचे ट्रक अडविले. गावाने राजकीय पक्ष व जुने पोलीस हाकलून लावून पारंपरिक सभा व स्वतःचे रक्षकदल स्थापिले. निवडणूक न्यायाधिकरणाने हा हक्क मान्य केला. ह्याउलट त्याच राज्यात २०१३ मध्ये उदयास आलेल्या सशस्त्र आत्मसंरक्षक गटांपैकी काहींत टोळ्यांनीच शिरकाव केला. जे दल ग्रामसभेला उत्तरदायी राहिले ते टिकले. शस्त्र ज्याच्या हाती त्याचीच सत्ता, असे जेथे झाले तेथे नवी टोळी जन्मली.

आणीबाणीचे उपाय : एल साल्वादोर ह्या देशात २०१५ साली दर लाखामागे सु. १०३ खून झाले होते. मार्च २०२२ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर होऊन ८०,००० हून अधिक लोकांना अटक झाली व शासकीय आकड्यांनुसार २०२४ मध्ये हे प्रमाण दोनच्याही खाली आले. ह्या यशाचे आकर्षण इतर देशांत मोठे आहे. तथापि तेथील टोळ्या खंडणीवर जगणाऱ्या स्थानिक टोळ्या होत्या. मेक्सिकोतील टोळ्यांजवळ असलेली संपत्ती व शस्त्रे त्यांच्याजवळ नव्हती. शिवाय निरपराधांची अटक, सामुदायिक खटले व तुरुंगातील मृत्यू यांची किंमत त्या समाजाला मोजावी लागत आहे. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष (२०१८–२४) आंद्रेस मान्वेल लोपेस ओब्रादोर यांनी उलट टोक गाठून ‘गोळ्या नव्हेत, आलिंगने’ ही घोषणा दिली व तरुणांसाठी विद्यावेतने सुरू केली. त्याचबरोबर राष्ट्रीय रक्षकदल स्थापून त्यांनी सैन्याची भूमिका वाढविलीच. खुनांची संख्या काहीशी घटली, पण ती वर्षाला ३०,००० च्या वरच राहिली. २०२५ मध्ये अ. सं. सं.ने मेक्सिकोतील सहा टोळ्यांना दहशतवादी संघटना म्हणून जाहीर केले.

मूल्यमापन : सैन्य, पीक-निर्मूलन, वाटाघाटी, कायदेशीर नियमन व समाजकल्याण ह्यांपैकी कोणताही एकच उपाय स्वतंत्रपणे यशस्वी झालेला दिसत नाही. म्होरक्यांना पकडल्याने टोळ्या फुटतात, बंदी उठविल्याने त्या धंदा बदलतात, तह केल्याने त्या बळ साठवितात. जेथे टिकाऊ सुधारणा झाली, तेथे एक गोष्ट समान आढळते : खुनाचा तपास निश्चित होईल व त्याची किंमत संपूर्ण संघटनेस मोजावी लागेल, अशी स्थिती शासनाने निर्माण केली आणि टोळीच्या जागी शाळा, रस्ता, न्यायालय व प्रामाणिक पोलीस शिपाई पोहोचविला. एका टोळीच्या वर्चस्वामुळे नांदणारी शांतता ही खरी शांतता नव्हे. ती त्या टोळीबरोबरच संपते. मादक पदार्थांचे सेवन जगातून नाहीसे होण्याची वाट पाहावी लागणार असेल, तर हिंसाचाराचा अंत फार दूर आहे. परंतु कोणाही नागरिकाचा खून विनाचौकशी राहणार नाही, हे उद्दिष्ट ठेवल्यास तो माणसाच्या आवाक्यात येतो. त्यासाठी उत्पादक देशाइतकीच जबाबदारी माल विकत घेणाऱ्या, शस्त्रे विकणाऱ्या व पैसा दडविणाऱ्या देशांवरही पडते.